शंभर मीटर

डिचोलीहून शिपाई टेप घेऊन आला.
शाळेच्या फाटकापासून माझ्या गाड्यापर्यंत
सत्त्याण्णव मीटर, वर एक वीत.
"तीन मीटर मागं सरक, प्रेमावती,
नाहीतर रंगीत बाटल्या बंद."
मागं व्हाळ आहे.

समोरच्या बारला कुणी टेप लावला नाही.
तिथं लायसन लागतं.
फेणीनं माणूस बारीकच होत जातो;
माझा झाला,
फोटोत मावण्याइतका.

पण खोटं कशाला बोलू?
सातवीतला यतीन जिना चढताना
मध्येच थांबतो, कठडा धरून,
आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या आधी
धापा टाकत माझ्याकडे पोचतो.
एक केशरी बाटली. दुसरी उधार.
त्याच पैशांत माझ्या पोरीच्या वह्या येतात.

मे महिन्यात भिरंडाचं सरबत करून पाहिलं,
साखर बेताची.
दोन ग्लास खपले.
त्यातला एक या शिपायानंच प्यायला,
तोंड वाकडं करून.

रात्री फ्रिजचं दार उघडं टाकून उभी राहिले.
कंपनीनं फुकट दिलेला, लाल,
देवघरापेक्षा उजळ.
बाटल्या मोजायच्या होत्या,
मोजत राहिले भलतंच:
त्या जिन्यापासून माझ्या हातापर्यंत
नक्की किती मीटर?