पिवळं स्टिकर

साडेसातला क्रुक्सच्या दुकानात
एक माणूस पिवळी स्टिकरं लावत फिरतो
आणि आम्ही तिघं, त्याच्याकडे पाहत नसल्यासारखे,
त्याच्या मागे मागे.
एक म्हातारी बाई, नर्सच्या गणवेशातला एक मुलगा, आणि मी.
कुणी कुणाला ढकलत नाही. शेफिल्ड सभ्य आहे.
पण डोळे सगळ्यांचे त्याच्या हातातल्या बंदुकीवर.
लेबल मारायची बंदूक, दुसरी नव्हे.
दुसरीची बातमी खिशातल्या फोनवर थरथरते आहे.

कोंबडीच्या मांड्या, चार नग:
तीन पौंड दहावरून चौऱ्याण्णव पेन्स.
मी जानेवारीपासून मांस सोडलंय,
म्हणजे केरिसला तसं सांगितलंय.

केरिसच्या वडिलांच्या वेल्समध्ये साडेतीनशे मेंढ्या.
नवव्या वर्षी तिनं एका कोकराला बाटलीनं दूध पाजलं,
नाव ठेवलं,
आणि ऑक्टोबरात ते ट्रेलरमध्ये चढलं
तिच्याच हाकेला ओ देत.
तिच्याशी मी काय वाद घालणार?
माझ्याकडे एवढं सच्चं कारण नाही.
माझ्याकडे एक निबंध आहे:
सोया, मिथेन, तोडलेलं जंगल. अडुसष्ट गुण.

पुण्यात खोली बघायला गेलो होतो
तेव्हा काकांनी आधी आडनाव विचारलं,
मग पंखा लावून दाखवला,
मग हसत, 'बाकी तसलं काही खात नाही ना?'
मी म्हणालो, छे.
अकरा महिने त्या खोलीत
मी बोंबील आठवलेसुद्धा नाहीत,
आठवणीचा वास जिन्यात जाईल म्हणून.

इथं केरिसनं फ्रिजवर चिठ्ठी लावली:
वरचा कप्पा फक्त झाडपाल्याचा, प्लीज.
खाली एक फुली.
इथं ती पाप्याची खूण असते
हे कळायला मला आठवडा लागला.
तोवर वाटत होतं, माझं काहीतरी चुकलंय.

दोन्ही प्रश्नांत फरक आहे, मी स्वतःला बजावतो.
ती विचारते ताटात काय,
ते विचारत होते ताटामागे कोण.
फरक आहे. मोठा आहे.
तरी फ्रिज उघडताना हात
अजून त्याच जिन्यावरचा असतो.

आज संसदेत कुणीतरी
माझ्यासारख्यांचा आकडा वाचून दाखवला.
गोल आकडा होता, शेवटी शून्यं.
घरात चर्चा झाली. केरिस चिडली, माझ्यापेक्षा जास्त.
मी भांडी घासली.
माझ्या कपाटात, तीन पिशव्यांत गुंडाळलेला,
वेंगुर्ल्याचा सुका जवळा आहे,
सातार्डेकरांच्या अद्वैतच्या बॅगेतून, मोज्यांमध्ये लपून आलेला.
रापणीचा. ट्रॉलरचा नव्हे.
सोया नाही, पिंजरा नाही. विमान आहे.
हा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा
ते निबंधात नव्हतं.

'घेतोयस का ते, राजा?'
म्हातारी बाई. पाकीट माझ्याच हातात,
किती वेळ, कोण जाणे.
बंदूकवाला माणूस नऊला सगळं पिंपात टाकणार आहे.
कोंबडी तर केव्हाचीच मेलेली.
माझा सबंध युक्तिवाद घशात तयार होता,
दोन्ही बाजूंचा.
मी पाकीट तिला दिलं. उगाच थोर वाटलं.
'देव भलं करो,' ती म्हणाली,
'माझा कुत्रा दुसरं काही तोंडातच घेत नाही.'

नर्स मुलगा हसला. मग मीही.
त्यानं दोन सँडविचं घेतली, अंड्याची,
आणि डोळे चोळत रात्रपाळीला गेला.

मी चार बटाटे घेऊन चढ चढतोय.
पाऊस नाही, नुसता ओला वारा.
आईचा फोन.
तिनं टीव्हीवर आकडा पाहिलाय,
पण विचारते भलतंच: 'काय जेवलंस?'
आडनाव नाही, कार्बन नाही.
'अजून काय नाय.'
'का?'

धाप लागलीय म्हणून सांगतो.
घरी केरिस नाही, तिची ग्रंथालयाची रात्र.
तवा तापत ठेवतो,
खिडकी उघडतो,
मग परत लावून घेतो,
मग उघडतो.