काठावर

कॅम नदीच्या त्या काठावर कॉलेजं, गवत, घंटा.
या काठावर, रेल्वेच्या रुळांपलीकडे, आम्ही:
विद्यापीठाचं परीक्षा मंडळ.
शेंडेफळच म्हणायचं, पण कमावतं,
थोरल्यांनी चारचौघांत ओळख न दिलेलं.

सगळ्यात वर गाऊन घालणारे प्राध्यापक,
वर्षातून चारदा येतात, आमच्यावर सही करतात.
त्यांच्याखाली विषयांचे अधिकारी, त्यांच्याखाली आकडेवाले,
मग छपाई, मग कुलपं,
आणि तळमजल्यावर, रॅकच्या बाराव्या गल्लीत,
बी.एड. झालेली मी, ट्रॉली घेऊन.

जूनमध्ये गठ्ठे येतात.
मस्कतच्या पाकिटातून वाळू सांडते.
मॉरिशसचे कागद पापडासारखे वाकलेले.
मलावीतून एकदा वाळलेला नाकतोडा आला;
ऑड्री थ्रॉवरनं त्याला काडेपेटीत ठेवला
आणि झाकणावर लिहिलं: गैरहजर.
नावं इथं नसतात. केंद्र क्रमांक, उमेदवार क्रमांक,
आणि हस्ताक्षर,
ते मात्र कुणाला झाकता येत नाही.

जुलैत तिसऱ्या मजल्यावर काठ ठरतो.
ते त्याला सीमारेषा म्हणतात. मी मनात काठच म्हणते.
भूगोल, पेपर दोन. अकरा माणसं, मऊ पडलेली बिस्किटं,
प्रमुख परीक्षक पेनरी, वेल्सचा, कानात यंत्र.
त्रेचाळीस की चव्वेचाळीस, यात दुपार गेली.
या एका गुणाच्या फटीत नऊशे सत्तर मुलं आहेत,
आकडेवाली मुलगी म्हणाली,
उद्या ढगाळ राहील म्हणावं तसं.

मला फोन आला: त्रेचाळीसवाले वर आणा.

पेनरीनं एक पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचला.
हिमनदी कशी सरकते?
"मी बर्फ फक्त मासळीच्या पेटीत पाहिला आहे.
तो खालून वितळतो, म्हणून भरलेली पेटी
उतारावर आपली आपण निघते.
हिमनदीचंही तसंच असावं."
कुणीतरी हसलं. पेनरी हसला नाही.
समासात तपासणाऱ्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं:
संशयाचा फायदा.

मी ट्रॉलीची मूठ धरून दाराशी.
आणि एकदम वैजापूरच्या शाळेचा व्हरांडा,
बोर्डाचे गठ्ठे, पेपरामागे सव्वा रुपया,
सोमवंशी सरांची डबा उघडायची घाई.
एका पोरानं खाऱ्या वाऱ्याला मतलई म्हटलं होतं,
मतलईला खारा.
पण आकृतीत समुद्र होता, जमीन होती,
दिवसा इकडून बाण, रात्री तिकडून,
दोन्ही बाण बरोबर.
मी भोपळा दिला. बेरीज तेहेतीस.
पस्तीस व्हायला दोनच हवे होते,
आकृतीकडे मान वळवली असती तर मिळाले असते.
डोकं दुखत होतं. गठ्ठा आवळला.
त्या सुतळीचा वळ
मला अजून बोटावर दिसतो, आणखी कुणाला नाही.

"त्रेचाळीस," पेनरी म्हणाला, आणि यंत्र कानातून काढून ठेवलं,
म्हणजे आता कुणाचं ऐकायचं नव्हतं.
मला बरं वाटलं. लिफ्ट खाली येईपर्यंत.
मग तळमजल्यावर, दिवे आपोआप लागत जाणाऱ्या गल्लीत,
बेचाळीसवाल्यांचा गठ्ठा दिसला,
ज्याला वर कुणी बोलावलंच नव्हतं.
काठ सरकतो. पाण्याला लागून कुणीतरी उरतंच.

संध्याकाळी सायकल हातात धरून नदीवरून निघाले.
पाण्यावरून वारा येत होता.
समुद्र इथून लांब,
याला खारा म्हणावं की मतलई?
मास्तरीण असून सांगता येईना.
बोट ओलं करून वर धरलं,
दिशा तेवढी कळली.