घरची ओळ

डंडीत नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवे लागतात.
इस्पितळाची पत्रं टाइप करून करून
मनगट असं धरलं की किटली उचलवेना.
फिजिओ कॅट्रिओना म्हणाली, मांडणी बदलून बघ.
म्हणजे अक्षरांच्या जागाच बदलायच्या,
एक्कावन्नाव्या वर्षी.

डाव्या हाताखाली स्वर, उजव्याखाली व्यंजनं,
अंकलिपीतल्यासारखी वेगळी, सोवळ्यात.
कळांवर छापलेली अक्षरं मात्र जुनीच:
एस दाबला की ओ उमटतो.
इंग्रजीतला एवढासा ‘द’ लिहायला गेले,
तर वाय, डी आणि पूर्णविराम.
वाक्य सुरू व्हायच्या आत संपलं.

कराडच्या टायपिंग क्लासात
चाळीसच्या वेगानं पास झालेली मी.
तिथे हातांवर पुठ्ठ्याचं खोकं असायचं,
मशीनच्या पत्र्यावर सरांची पट्टी.
इथे भांडी पुसायचं फडकं पांघरते हातांवर.
मिनिटाला सहा शब्द.
मग सात.
परत पाच.
आणि सकाळी कामावर पुन्हा जुनी मांडणी,
दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी बोटं.

तिसऱ्या आठवड्यात माझाच पासवर्ड मला येईना.
इतकी वर्षं तो बोटं टाकत होती,
मी नव्हते.
मग पडदा काळा केला आणि त्यांना म्हटलं,
जात होतात तिथे जा.
ती निघाली. मी वरून वाचत गेले,
एस, एच, ए, आर

शरयू.
आणि पुढे चौऱ्याण्णव.

शेजारच्या मशीनवर बसायची.
माझी रिबन अडकली की
काळी व्हायची तिची बोटं.
तिच्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.
वेळ नव्हता, असं कसं म्हणू?
वेग तर तेव्हा चांगला चाळीस होता.

आज फडक्याखाली, इंग्रजी अक्षरांतच,
‘कशी आहेस’ टाइप केलं.
पहिल्या अक्षरासाठी तेवढी
डावी तर्जनी एक पायरी खाली उतरते.
बाकी सगळी अक्षरं घरच्या ओळीत,
कुणाला कुठे जावंच लागत नाही.

तिचा पत्ता धाकटीकडे मागावा लागेल.
तिच्याकडे तरी असेल का?
ताय नदीवरून धुकं वर गल्लीत आलंय,
हीटर निवताना टिकटिकतोय.
मनगट आज दुखत नाही, किंवा
मी विचारलं नाही त्याला.
बोटं घरी ठेवून बसले आहे.