हंगामी

ॲल्विन प्रॉक्टरच्या खिशात या हॉलच्या सगळ्या किल्ल्या असतात,
तरी मंगळवारी त्यानं खालची बेल वाजवली
आणि हंबरवरून येणाऱ्या वाऱ्यात उभा राहिला
पाहुण्यासारखा.
मी वरून बटण दाबलं.

टाय लावला होता.
नऊ वर्षं त्या जागी शिटीची दोरी बघितलेली मी.

समितीत तिघं:
गोठवलेल्या मासळीचे मालक स्टॅमर्स, संघही त्यांचाच;
त्यांची वकील भाची;
एक निवृत्त सेंटर, ज्याचे गुडघे त्याच्याआधी बोलतात.
आणि कोपऱ्यात मी, हिशेबाची.
मला मत नाही, आकडे आहेत.
आकडा असा, की काढून टाकलेल्या कोचला
पुढच्या मेपर्यंत पगार चालू.
म्हणजे नवा माणूस स्वस्तात हवा
आणि तसं दिसता कामा नये.

पहिला काउनसहून, पडद्यावर.
हात वर असताना चित्र गोठलं,
तेवढ्यात स्टॅमर्स म्हणाले, चिडका दिसतो.
दुसरा ओहायोचा ब्रेडन, एकतीस वर्षांचा, सडपातळ,
आमच्या चौतीस सामन्यांची चिरफाड रंगीत छापून आणलेली.
डाव्या कोपऱ्यातून आपण इतकं चुकतो
हे मला त्या दिवशी कळलं, खोटं कशाला बोलू.
‘संस्कृती’ हा शब्द अकरा वेळा.
मोजणं माझं काम.

खाली बॅडमिंटनवाल्यांची वेळ सुरू झाली होती.

मग ॲल्विन.
‘स्वतःबद्दल सांगा,’ भाची म्हणाली,
जिच्या लग्नात यानं खुर्च्या मांडल्या होत्या.
‘ॲल्विन प्रॉक्टर,’ तो म्हणाला,
आणि थांबला, पुढचं फॉर्मवर असल्यासारखा.
कोच गेल्यापासून अकरा सामने, त्यातले सहा जिंकले,
हे त्यानं सांगितलंच नाही. मी कागद सरकवला.
‘दोन गुणांनी मागे, शेवटचं मिनिट. काय कराल?’
‘टाइमआउट घेईन. बोलणार नाही. पाणी देईन.’
स्टॅमर्सनी लिहिलं: दृष्टी नाही.
हिशेबाची माणसं उलटं अक्षरही वाचतात.

वाईच्या शाळेत आम्ही खो-खो खेळायचो.
पाटीवर उकिडवं बसायचं, टाचा उचललेल्या,
पायाला मुंग्या आल्या तरी.
पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आल्याशिवाय
उठायचं नाही, उठलं की फाऊल.
मी आख्खा एक डाव बसून काढलाय,
माझ्या दोन्ही बाजूच्या मुली उठून धावत होत्या.
हे एकदा ॲल्विनला सांगितलं होतं, बसमध्ये, लेस्टरहून हरून येताना.
तो म्हणाला, मस्त खेळ आहे.
खो देतात, तसा घालतातही,
हे काही मला इंग्रजीत नीट जमलं नाही.

गुरुवारी चार वाजता ठरलं.
ओहायोहून सही येईपर्यंत
कोणाला काही कळवायचं नाही.
तेव्हा शुक्रवारचा सराव ॲल्विननं घेतला, रोजच्यासारखा,
आणि मी वरच्या काचेतून बघत बसले,
पोटात खडा घेऊन.

साडेपाचला तो पेट्रोलच्या पावत्या द्यायला आला.
खुर्चीच्या कडेवर टेकला, तो तसाच बसतो.
‘नव्या हंगामाची जॅकेटं मागवायचीत.
कोचचं कुठल्या मापाचं?’
‘मीडियम,’ मी म्हणाले.

ॲल्विनला डबल एक्सएल लागतं.

पंखा चालू होता हीटरचा. मला काही सुचेना.
त्यानं माझंच पेन उचललं,
फॉर्मवर ‘एम’ लिहिला, ठसठशीत,
दोनदा गिरवला.
मग मागे सरकून, पहिल्यांदाच,
पाठ टेकवून बसला थोडा वेळ.

दारात वळून म्हणाला,
‘अस्तर जाड घे त्याचं.
इथला वारा त्याला सांगितला नसेल कोणी.’