बाहीपुरतं ऊन

वडगावात, विणकरांच्या गल्लीत,
रस्त्यापासून नऊ पायऱ्या खाली माझी खोली.
आधी इथं सुताचं गोडाऊन होतं.
भिंतींना अजून खळीचा वास येतो,
ओल धरली की जास्तच.
भाडं अडीच हजार, लाईट बिल वेगळं,
आणि ते बिलच भाड्याच्या उरावर बसतं,
भर दुपारी बारालाही ट्यूब चालू म्हटल्यावर.

निंगव्वाक्कांनी किल्ली देताना सांगितलं होतं,
खिडकी आहे की वो, दक्षिणेला.
आहे. सुपाएवढी.
तिच्यातून चपला दिसतात, सायकलची चाकं,
शेळीचे चार पाय, मग एक थांबणं, मग लेंड्या.
निम्मी गल्ली मी घोट्यांवरून ओळखते.

ट्यूबखाली मरून आणि चॉकलेटी एकच.
नेव्ही ब्ल्यू काळा होतो.
मोरपंखी तर बाईच्या नावासारखा,
जागा बदलली की बदलतो.
म्हणून रीळ घेऊन वर जायचं,
उजेडात साडीच्या काठाला लावून बघायचं,
खाली यायचं, दुसरं रीळ, परत वर.
फॉल-पिकोचे ऐंशी रुपये,
त्यात गुडघ्यांचं काही धरलेलं नाही.

एकदाच कंटाळा केला.
खासबागच्या हलगेकरबाई, त्यांच्या लेकीचा शालू,
हळदीच्या आदली रात्र.
हिरवा दोरा अंदाजानं लावला.
सकाळी त्या वर, घडी उलगडून उभ्या,
मी पायऱ्यांवर, मधेच,
आणि हिरव्या काठावरून निळ्या मुंग्यांची रांग चाललेली.
रागावल्या नाहीत.
"खरं, लोक बघतील की गं," एवढंच.
उसवायला चाळीस मिनिटं लागली,
तिथंच, पायरीवर, शेळीसमोर.

कार्तिकात एक दिवस मशीनवरून मान वर केली
तर फरशीवर ऊन.
समोरच्या दोन घरांच्या फटीतून आलेलं,
खिडकीचे गज अंगावर घेऊन.
सव्वाबाराला आलं, दहा मिनिटांनी गेलं.
मी टेप काढली. सवय.
लांबी चौदा, रुंदी नऊ.
बाहीला पुरेल, पाठीला नाही.

खडूनं त्याची कड आखून ठेवली.
दुसऱ्या दिवशी ते रेघ ओलांडून किंचित आत.
तेव्हापासून रंगांची सगळी जुळवाजुळव
त्या दहा मिनिटांवर ढकलली.
बारालाच रिळं ओळीनं मांडायची, साड्यांचे काठ वर काढून,
जेवण नंतर.
ऊन आलं की आधी नुसते हात धरायचे त्यात.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

निंगव्वाक्का भाड्याला उतरल्या तेव्हा मी तशीच बसलेली.
"काय करूलालीस गं?"
"माप घेतेय."
त्या गुडघे धरत खाली बसल्या,
उजवा पाय पुढं करून उन्हात ठेवला, भेगांसकट,
आणि म्हणाल्या, बिसलु.
मी म्हटलं, ऊन.
मग काही बोललो नाही.
भाडं मागायचं विसरूनच गेल्या.
संध्याकाळी नातवाला पाठवलं.

संक्रांतीनंतर ते मागे हटायला लागलं,
भिंतीकडे, रोज जरा जरा,
वाळत चाललेल्या बाईचा ब्लाउज
दर खेपेला एक शिवण आत घ्यावी तसं.
फरशीवर चाळीसेक रेघा झाल्यात.
पुसताना तेवढी जागा सोडते.

आज शिमगा आठ दिवसांवर
आणि ऊन भिंतीला टेकलंय.
दोन बोटं उरलंय, काजापुरतं.
एकच रीळ मावतं, मोरपंखी.
ते धरून मी भिंतीशी वाकलेली,
आणि खिडकीत चपला येऊन थांबतात.
अंगठ्याला मेंदी, डाव्या पैंजणाचं घुंगरू तुटलेलं.
कणबरकरांची थोरली. ब्लाउज न्यायला आलीय.
हाक मारायला वाकते, आणि काजही बुजतं.

"बाजूला हो," मी ओरडते,
"बाजूला हो गं जरा, बघू दे."