डावी बाही

मे महिन्याच्या बावीस तारखेला सावद्यात
लोकर विणणारी बाई एकच असणार, आणि ती मी.
पारा पंचेचाळीस. सुई घामानं अडते,
म्हणून तळहाताला पावडर लावते,
कॅरम खेळणाऱ्या पोरांसारखी.

शेजारच्या यमुनाकाकू पापड उलटवता उलटवता विचारतात,
"काय करू राह्यली व माय, या उन्हात लोकर?"
मी नुसतं बोट वर करते. थांबा.
बोलले की चौऱ्याऐंशीचे अठ्ठेचाळीस होतात.

डिसेंबरात केळीला चरका बसू नये म्हणून
घडाघडाला पिशव्या घालतात इथे,
रात्री उठून बांधावर धूर करतात.
त्याला कुणी हसत नाही.

पिशवीत काय काय पडलंय ते एकदा सांगूनच टाकते.
मोजा, एका पायाचा. दुसऱ्याविषयी विचारू नका.
भाच्याचा निळा स्वेटर:
पाठ झाली, पुढा झाला, उजवी बाही झाली.
डावी सुरू केली तेव्हा तो तिसरीत होता,
आता मिसरूड फुटलंय.
आणि एक तपकिरी मफलर, साडेनऊ फूट.
मुकुंदाला जळगावला आत नेलं,
दुपारपर्यंत कुणी बाहेर येऊन काही सांगेना,
मी बाकावर बसून विणत राहिले.
दोन सुलट, दोन उलट. दुसरं काय येतं मला?
मुकुंदा आता बरा आहे, जिने चढतो.
मफलर मात्र सुईवर तसाच. टाके बंद करायचं धाडस होईना.

नोकरी केळीच्या कोल्ड स्टोरेजात, हिशेबाची.
गेटपासच्या मागे माझ्या ओळी लिहिलेल्या असतात:
ओळ ३१, दोन्हीकडे एकेक टाका कमी.
एकदा तोच कागद ट्रकबरोबर दिल्लीला गेला,
तिथून व्यापाऱ्याचा फोन, मॅडम, माल कमी आहे का?

चेंबरमध्ये तेरा अंश.
सायबू तडवी दिवसातून चाळीसदा आत-बाहेर करतो,
अंगावर पोतं, डोक्याला बायकोची जुनी ओढणी.
बाहेर आला की चष्म्यावर वाफ धरते,
मग आंधळ्यासारखा उभा राहतो दारात, खोकत.
परवा चष्मा पुसता पुसता म्हणाला,
"मॅडम, त्या निळ्याची एक बाही राहिली ना अजून?"
मला वाटत होतं, त्याला दिसतच नाही काही.

घरी आले आणि निळा उसवला.
सात वर्षं एका जागी वळून बसलेली लोकर,
ओल्या शेवयांसारखी कुरळी.
धुतली, दोरीवर टांगली, खाली गोदामाचं कुलूप अडकवलं.
वीस मिनिटांत सरळ आणि कोरडी.
या उन्हाला पहिल्यांदाच काही बोलले नाही.

सायबूचं माप सुतळीनं घेतलं,
तो हसत होता, सुतळी हलत होती.
आकडे मांडले: निळी छातीपर्यंतच पुरते.

रात्री मुकुंदानं स्वतःच मफलरची सुई ओढून काढली.
टोक माझ्या हातात दिलं.
उसवताना शेवटचा तास आधी निघतो:
डॉक्टर बाहेर आले, मान हलवली.
त्याआधी कॅन्टीनचा गार झालेला चहा.
त्याआधी कुणाचं तरी बाळ सारखं रडत होतं ते.
मुकुंदा गोळा गुंडाळत होता,
हे सगळं त्याला ठाऊकच नव्हतं, मी ओळीगणिक सांगत गेले.
जिथे मी फॉर्मवर सही केली
तिथे पोचल्यावर म्हणाला, बस.
एवढा राहू दे, गळ्यापुरता.

भाच्याला अजून कळवलेलं नाही.
यंदा आधी डावी बाही घेतलीय.
ओळ सतरा.
काकू, थांबा जरा.