टपाली मत

पहाटे फिरायला आम्ही सहाजण.
विश्रामबागेतून निघून शंभर फुटीला वळसा,
आणि परत उपाध्यांच्या गेटपाशी बिनसाखरेचा चहा.
लोकशाहीचं काय करायचं ते तिथंच ठरलं होतं.

उपाध्ये म्हणाले, पदवीधराला दोन मतं द्या,
बारावीला एक,
त्याखालच्यांना... आणि त्यांनी हात हलवला,
ओट्यावरच्या मुंग्या झटकाव्यात तसा.
डॉक्टर मगदुमांनी दुरुस्ती सुचवली :
निदान एक लेखी परीक्षा तरी.
मी हसलो. विरोध केला नाही.
खरं सांगायचं तर दुसरं मत कुणी देऊ केलं असतं
तर मी नको म्हटलं नसतं.

मग कॉलेजात ऑर्डर आली.
मतदान अधिकारी क्रमांक दोन. म्हणजे रजिस्टर आणि शाई.
मार्केट यार्डामागची नगरपालिकेची जुनी शाळा,
भिंतीवर रंगवलेली मुळाक्षरं,
आणि माझी खुर्ची नेमकी ‘ढ’च्या खाली.

दुपारी हळदीच्या वखारीतल्या बाया आल्या.
रांग आत शिरायच्या आधी वास आत शिरला.
अंगठा, अंगठा, एक सही, पुन्हा अंगठा.
निळ्या ठशाभोवती प्रत्येकीचं एक पिवळं कडं.
शाई जांभळी, पण त्या बोटांवर ती तपकिरी उतरे.
मी म्हणालो, जरा हात धुऊन यायचं की हो.
बायाक्का सनदी, अनुक्रमांक चारशे बारा, म्हणाली,
“धुवूनच आलोय सायेब.
चौदा वर्साचा रंग हाय ह्यो.
तुमची शाई म्हैन्यात जातीया.”

आत ती बराच वेळ उभी राहिली.
शिट्टी वाजेना. केंद्राध्यक्षांनी घड्याळ बघितलं,
मी त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या.
आमचं दोघांचं एकमत झालं.
मग वाजली. तरी ती हलेना.
बाहेर आल्यावर म्हणाली,
“चिठ्ठी खाली पडूस्तवर बघत हुतो.
वाचाय येत न्हाई, पर चित्र माझंच हुतं.”
आणि जाता जाता, सहज,
“तुमचं मत कुठं असतंय वो?”
आमचं टपालानं. परवाच दिलं.
“मंजी पडल्यालं बघितलं न्हाई म्हणा की.”
मी शाईची बाटली वाळूत पुन्हा नीट रोवली.

ती थोर होती, असं मला म्हणायचं नाही.
ज्या जीपमधून त्या सगळ्या आल्या
ती कुणाची, हे मला माहीत आहे.
जीपचे पैसे कुणी दिले, तेही साधारण.
आणि तिचं चित्र निवडून आलं असेल
तर मला ते आवडलं नसेल, बहुधा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, पान पाचवर, खाली, चौकटीत :
बाद टपाली मतं दोनशे त्र्याण्णव.
घोषणापत्रावर सही नाही. साक्षांकन नाही.
आतलं पाकीट बाहेर, बाहेरचं आत.
सगळे नोकरदार. सगळ्यांना वाचता येतं.

मी आठवून बघितलं.
छोटं पाकीट आठवतं, डिंकाची चव आठवते.
सही केल्याचं आठवत नाही.
न केल्याचंही आठवत नाही.
आठवतं ते एवढंच, की शेजारच्या शिपायाला
मी चढ्या आवाजात समजावत होतो
कुठल्या रकान्यात काय लिहायचं,
आणि तो खाली मान घालून लिहीत होता.

आज पहाटे उपाध्ये म्हणाले,
बघितलंत? काय लायकीची माणसं निवडून देतात.
मगदुमांनी चहाची बशी खाली ठेवली,
माझ्या नखाकडे बघितलं आणि म्हणाले,
वा सर, तुम्ही तरी कर्तव्य केलंत.

दिवसभर दुसऱ्यांना लावताना
सांडलेली शाई होती ती.
मी काही बोललो नाही.
बोट कपाच्या कानाआड दुमडलं,
आणि चहा अजून गरम आहे असं दाखवत
बराच वेळ फुंकत राहिलो.